लोखंड्याच्या पाठीवरची खालची कडी

युनूस, मंगळवारी सकाळी कामावर निघताना दौंडमधल्या तुझ्या घराच्या उंबऱ्यातच तू कोसळलास. हृदयविकाराचा झटका होता. दवाखान्यात पोचण्याआधीच प्राण गेला होता, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच दिवशी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजानंतर तुला माती दिली. ज्या कार्यक्रमाला जायचं म्हणून तू पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावला होतास, तो कार्यक्रम रविवारी ठरल्या वेळी झाला. तो सुरू झाला तेव्हा तिथे तुझं नाव कुठेच नव्हतं. पुढे काय झालं ते तुला कळायला हवं.

तुझं वय, शिक्षण, नोकरी हे इथे नाही. ते स्थानिक पानावर येऊन गेलं. 'खासगी कंपनीतील कामगार' असा तुझा उल्लेख होता. त्यात चूक काहीच नव्हती.

लोखंड्या कसा जन्मला हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक गेला, म्हणून आधी ते नोंदवतो.

तुझे अब्बा, हसनचाचा, न्हावऱ्याच्या बाजूला साखर कारखान्यात बॉयलरवर होते. भट्टीचं दार उघडून राख ओढायची असली की अंगावर जाड कातड्याचं एप्रन चढवायचं, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. त्याचे पट्टे पाठीमागे दोन कड्यांत अडकायचे. ज्याच्या अंगावर एप्रन आहे त्याचा हात तिथे पोचत नसे, आणि ते मुद्दामच तसं होतं. मागे उभ्या राहिलेल्या माणसाने बांधायचं, आणि ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. म्हणजे भट्टीसमोर कोण गेलाय आणि तो परत आला की नाही, हे बाहेरच्या एका तरी माणसाला कायम माहीत असायचं. चाचांचा बांधणारा म्हणजे न्हावऱ्याचे दगडूआप्पा. आप्पा डाव्या हाताचे, डावरे. आपल्या हाताला सोयीची पडावी म्हणून त्यांनी खालची कडी उलटी ठोकून घेतली होती. वरची उजवीकडे सुटायची, खालची डावीकडे. दुसऱ्या कुणी सोडायला घेतलं की ती हटकून अडकायची, आणि चाचा म्हणायचे, राहू द्या, माझा माणूस येईल.

आपण नववीत होतो. दौंड स्टेशनजवळच्या एका दुकानात कॉमिक्स वाचायला भाड्याने मिळायची. त्यातले सगळे वीर चिलखत घालून उडायचे, आणि ते चिलखत अंगावर आपोआप चढायचं. तू दोन आठवडे ती वाचलीस आणि मग माझ्या वडिलांच्या रेल्वे ऑफिसातले पाठकोरे कागद मागितलेस. पहिल्या पानावर तू कवच काढलंस, त्यात माणूस नव्हताच. बॉयलरच्या पत्र्यांचं, रिव्हेट मारलेलं कवच. पोटावर भट्टीचं दार. शिरस्त्राणाला डोळ्यांच्या जागी एकच आडवी फट. पाठीवर दोन कड्या, आणि खालची उलटी. त्याचं नाव लोखंड्या. चित्रं तुझी, संवाद माझे.

आपला वाद तिथूनच सुरू झाला आणि तो मिटला नाही. मी म्हणायचो, हा कसला वीर? शत्रू समोर उभा आहे आणि हा चहावाल्याला विचारतोय, मामा, मागची कडी लावता का?

"मग?" तू म्हणालास. "तुझा हीरो एकटाच घालतो. आन् आत मेला तर कळणार कुणाला?"

"हीरो मरत नसतो."

"मग त्याला चिलखत कशाला पायजे?"

हे बिनतोड होतं. मी ते मान्य केलं नाही.

त्यामुळे आपल्या प्रत्येक गोष्टीत लढाईआधी एक पान खर्ची पडायचं. लोखंड्या माणूस शोधायचा. कधी एसटीचा कंडक्टर त्याची कडी लावायचा, कधी केंदूरची कांदा विकणारी बाई. एका गोष्टीत आसपास कुणीच नव्हतं, तर तू ती कडी खलनायकालाच लावायला लावलीस. लढाई संपली, खलनायक हरला, आणि नियम म्हणजे नियम, बांधलंय त्याने तर सोडायलाही तोच हवा. म्हणून तो मार खाऊन सुजलेल्या तोंडाने बाजूला ताटकळत उभा. त्या पानाचे संवाद लिहायला मी नकार दिला. ते तुझं सर्वात चांगलं पान होतं. हे तुला सांगायला माझ्याकडे तीस वर्षं होती.

तेव्हाची आणखी एक गोष्ट पुढे लागेल म्हणून लिहितो. मी शिरूरला मामाकडे निघालो की तू स्टँडवर सोडायला यायचास. मी आत खिडकीशी बसलेला. तू बाहेरून धुळीने भरलेल्या काचेवर बोटाने काहीतरी लिहायचास, आणि मला ते आतून सुलटं वाचता यायचं. म्हणजे तू उलटं लिहायचास, न अडखळता, गाडी हलायच्या आत. बहुतेक वेळा ती शिवी असायची. माझ्या शेजारी बसलेली म्हातारी माणसंही ती वाचायची.

मी बातमीदारीत गेलो. तू शिरूरच्या बाजूला एमआयडीसीत साचे बनवण्याच्या कारखान्यात लागलास. लोखंडाच्या ठोकळ्यात पोकळी कोरायची, तिला काचेसारखं पॉलिश करायचं. मग त्या पोकळीत प्लॅस्टिक ओतून दुसरं कुणीतरी हजारो वस्तू काढणार. तू म्हणायचास, आपण उलटं कोरायचं, दुनिया सुलटं बघती. जेवणाच्या सुट्टीत उरल्यासुरल्या ॲल्युमिनियमचा तू लोखंड्या केलास. वीतभर उंच. पोटावरचं दार उघडायचं. पाठीचा पत्रा दोन कड्या सोडल्या की निघायचा, आणि आत मेणाचा एक माणूस उभा. किती वर्षं करत होतास, मला माहीत नाही. तुलाही मोजता आलं नसतं. तो तुझ्या टेबलावर कानशींच्या शेजारी उभा असायचा. कुणी विचारलं तर म्हणायचास, राखणदार हाय.

तिथे निखिल आला. पुण्याची खेळण्यांची कंपनी, बोलायला गोड माणूस. संग्राहकांसाठी महागडी खेळणी काढायची, त्यासाठी साचा हवा होता. त्याने टेबलावरचा लोखंड्या उचलला, फिरवून बघितला आणि तुला म्हणाला, युनूसभाई, तुम्ही आर्टिस्ट आहात. हे तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा हसत होतास, पण सांगितलंस दोनदा. त्याने कवच स्कॅन करायला नेलं. आपल्या गोष्टीही तू त्याला सांगितल्यास, कारण त्याने विचारल्या. परत येऊन म्हणाला, खालची कडी चुकून उलटी लागलीय, ती तेवढी सुधारा. तू म्हणालास, ती उलटीच हाय. त्याला घाई होती. राहू द्या म्हणाला.

मग कॉमिक छापून आलं. लोखंड्याचं नाव 'फर्नेस' झालं होतं. पोटावर भट्टी तीच, फट तीच. पण फर्नेसचं कवच आवाजाच्या हुकुमावर बंद होतं. तो कुणाला मामा म्हणत नाही. पाठीवरच्या कड्या चित्रात राहिल्या होत्या, दोन्ही, खालची उलटी. त्या कशासाठी आहेत याचा पूर्ण कॉमिकमध्ये उल्लेख नाही. मुखपृष्ठावर लिहिलं होतं: संकल्पना, कथा आणि शिल्प, निखिल.

खेळण्याच्या डब्यावरही तेच येणार होतं. तू विचारलंस. तो म्हणाला, बॉक्सवर जागा नाही भाई, पुढच्या आवृत्तीत बघू.

मी त्या दिवशी तुझ्यावर ओरडलो. म्हणालो, वकील बघ. तू म्हणालास, मालकाचं काम जाईल, माझ्यामुळं पोरांच्या शिफ्ट बंद व्हायच्या. मग मी बातमी करायला निघालो. आमच्या वृत्तपत्राच्या डेस्कने विचारलं, दुसरं सूत्र कोण? माझ्याकडे एकच सूत्र होतं, आणि ते स्वतः तक्रारदार होतं. वर तक्रार करायला तयार नव्हतं. बातमी पडून राहिली. डेस्कचं चुकलं नव्हतं, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. तुझा मात्र मला राग आला. तो अजून गेलेला नाही. तू मेलास म्हणून तो कमी होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही.

आपली शेवटची भेट दौंडच्या स्टँडवर. चहा संपला तरी तू कप हातात फिरवत होतास.

"आत लिहून ठेवलंय," तू म्हणालास.

"कशाच्या आत?"

"पाठीच्या पत्र्याच्या. नमुना मंजूर होऊन गेला, मग साचा शेवटच्या पॉलिशला माझ्याकडंच आला. तवा."

"काय लिहिलंस?"

"उघडून बघ."

साच्यात कोरलेलं प्रत्येक खेळण्यावर उमटणार, एवढं मला कळत होतं. मी विचारलं, मशीनवरच्या पोरांनी पाहिलं असेल की. तू म्हणालास, प्रत्येक पार्टच्या आत काय ना काय नंबर, अक्षरं असत्यातच, कोण वाचतंय? आणि तुझं खरं होतं. पण मग मी तुला दुसरी अडचण सांगितली. ही खेळणी विकत घेणारे लोक डबा कधीच उघडत नाहीत. डब्याचं सील तुटलं की वस्तूची किंमत पडते, म्हणून ते ती तशीच काचेच्या कपाटात ठेवतात आणि तशीच विकतात. खेळणं समोर तोंड करून उभं असतं, पाठ पुठ्ठ्याला लागलेली. तू लिहिलंस ते शंभर वर्षं कुणी वाचणार नाही. जगातली सर्वात सुरक्षित जागा शोधून तू तिथे ओरडलायस, असं मी म्हणालो. ते वाक्य मला तेव्हा आवडलं होतं.

"उघडंल कुणीतरी," तू म्हणालास. "रविवारी मी जातोच हाय तिथं. सांगंन लोकास्नी, उघडा म्हणून."

"आणि नाही उघडलं तर?"

तुझ्या कंपनीची गाडी आली होती. तू उठलास. हा वाद इथपर्यंत आला आहे.

मंगळवारी कबरस्तानात दगडूआप्पा आले होते. न्हावऱ्याहून कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, या वयात. तुझा भाऊ इरफान कबरीत उतरला. तुला खाली घेतल्यावर त्याने कफनाच्या गाठी सोडल्या, डोक्याकडची, मग पायाकडची. आप्पा काठावरून बघत होते. इरफान वर आल्यावर त्यांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं,

"गाठी बांधल्या व्हत्या कुणी?"

"मीच, आप्पा."

आप्पांनी मान हलवली आणि मूठभर माती घातली.

गुरुवारी मी तुझ्या घरी गेलो. रेहानाभाभी इद्दतमध्ये आहेत, नवरा गेल्यावरची ठरलेली मुदत संपेपर्यंत त्या बाहेर पडणार नाहीत. पडद्याआडून बोलल्या. रविवारचं छापील, बिननावाचं निमंत्रण त्यांनी इरफानच्या हाती माझ्याकडे दिलं. तू ते पाकिटासकट जपून ठेवलं होतंस. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की तू आयुष्यभर कुणाला दुखवलं नाहीस, आणि त्यांना त्याचा कंटाळा आला होता.

"ते गप्प राहिले," त्या म्हणाल्या. "तुम्ही राहू नका."

इथे एक वाक्य लिहितो, ते बातमीत बसत नाही. मला न्याय नको होता. मला निखिलचा चेहरा बघायचा होता.

कार्यक्रम दौंडहून शिरूरकडे येताना लागणाऱ्या एका मंगल कार्यालयात होता. 'जिथे फर्नेस जन्मला तिथे' अशी जाहिरात होती, आणि हे त्याने कुणाकडून ऐकलं होतं ते मला माहीत आहे. संग्राहक पुण्याहून, नगरहून आले होते. नोंदणी केलेल्यांना दारातच डबे मिळाले. ते मांडीवर घेऊन लोक बसले होते, तान्ही बाळं घेऊन बसावं तसे. स्टेजवर माणसाएवढा फर्नेस उभा होता. दगडूआप्पांना मी पहिल्या रांगेत बसवलं. त्यांनी बराच वेळ त्या पुतळ्याकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाले,

"हसनचं पोट येवढं न्हवतं."

मी पत्रकार म्हणून गेलो होतो. प्रश्नांची वेळ आली तेव्हा रेकॉर्डर त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. पहिला प्रश्न नेहमी सोपा आणि कौतुकाचा विचारायचा असतो, म्हणजे माणूस मोकळा बोलतो. मी विचारलं, इतकं बारीक काम, हे शिल्प कुणी केलं, साचा कुठे बनला?

"शिल्प मी स्वतः केलं, घरच्या टेबलावर," निखिल म्हणाला. "साचा परदेशातून करून आणला. इथे ती क्वालिटी मिळत नाही."

मी विचारलं, म्हणजे या जिल्ह्यातल्या कुणाचा त्याला हात लागलेला नाही?

"नाही."

दौंडचे युनूस नावाचे कोणी कारागीर तुमच्या परिचयाचे होते का?

त्याने थोडा विचार केल्यासारखं केलं. "नाही. नाव ऐकलेलं नाही."

तुझी कबर अजून ओली होती. मी ते उत्तर लिहून घेतलं. एकेक दार त्याच्या हातानेच बंद झालं होतं. आता आत तो एकटा होता.

मी विचारलं, या कवचाच्या आत काय आहे?

"आत?" तो हसला. "आत काही नाही. पोकळ आहे."

उघडून दाखवता का?

आता सभागृह हसलं. निखिलनेही हसून लोकांकडे पाहिलं. तो म्हणाला, दादा, तुम्ही या छंदातले दिसत नाही. डबा उघडला की ते खेळणं होतं. बंद असतं तोवर ती गुंतवणूक असते. टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. माझ्याकडचे प्रश्न संपले होते. तू बरोबर असशील की मी, हे आता माझ्या हातात नव्हतं.

तेव्हा आप्पा उठले. त्यांच्या हातात माईक नव्हता, पण बॉयलरशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला तो लागत नाही.

"सायेब, ह्ये खेळणं हाय का देव हाय?" त्यांनी विचारलं. "देवाला बी रोज बाहेर काढून न्हाऊ घालत्यात."

लोक पुन्हा हसले, पण या वेळी निखिलच्या बाजूने नाही. तिसऱ्या रांगेतून शिरूरच्या दातांच्या डॉक्टर मेघना उठल्या. त्यांच्याकडे अशा डब्यांनी भरलेली एक खोली आहे, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. त्यातला एकही त्यांनी कधी उघडला नव्हता. त्या म्हणाल्या, तुम्ही पोकळ म्हणताय तर मला बघायचंय. निखिल म्हणाला, मॅडम, प्लीज, किंमत जाईल. डबा माझा आहे, असं म्हणून त्यांनी नखाने सील फोडलं. शेजारच्या माणसाने डोळे मिटून घेतलेले मी पाहिले.

त्यांनी कवच बाहेर काढलं, पालथं केलं. वरची कडी सुटली. खालची सुटेना. त्यांनी जोर लावला, मग पेनाचं टोक घातलं. निखिल स्टेजवरून म्हणाला, ती फिक्स आहे, शोची आहे, तुटेल.

"दाबू नगा, ताई," आप्पा म्हणाले. ते तोवर रांगेतून वाट काढत मेघनाताईंपाशी पोचले होते. "उलटी सरकवा. डावीकडं. ती माझी कडी हाय. मी डावरा हाय."

कडी सुटली.

पाठीचा पत्रा मेघनाताईंच्या हातात आला. त्यांनी तो चष्म्याजवळ धरला, मग उजेडाकडे फिरवला. काय लिहिलंय, कुणीतरी मागून विचारलं. कार्यक्रमाच्या निवेदिकेने सवयीने त्यांच्यापुढे माईक धरला. निखिलने थांबवायला हात केला, पण तोवर उशीर झाला होता. मेघनाताईंनी वाचलं:

"बांधणारा, युनूस हसन, दौंड."

मग थांबून म्हणाल्या, "खाली आणखी एक ओळ आहे. 'सोडणारा.' त्याच्यापुढे नुसती रेघ आहे."

युनूस, मी तीस वर्षं तुला म्हणत होतो की तू स्वतःची सही कर. मला वाटलं होतं आत नुसतं तुझं नाव असेल, फार तर शिवी असेल. ही रिकामी रेघ मला सुचली नसती.

निखिलचा चेहरा मी पाहिला. आधी रंग गेला, मग तो हसायला लागला, मग हसणं तोंडावरच राहिलं आणि डोळे मला शोधायला लागले. माईक घेऊन तो म्हणाला, साच्यावर काम करणारे कामगार अशा खुणा करत असतात, त्याला काही अर्थ नसतो.

मी उठून विचारलं, "परदेशातल्या साच्यावर, दौंडच्या कामगाराने?"

त्याने माईक टेबलावर ठेवला. माईक घरंगळून खाली पडला आणि कार्यालयभर खरखर झाली.

मेघनाताई अजून त्या पत्र्याकडेच बघत होत्या. त्यांनी आप्पांना विचारलं, या रेघेवर काय लिहायचं असतं?

"ज्यानं सोडलं त्याचं नाव," आप्पा म्हणाले. "म्हंजी आतला माणूस बाहेर आला, आसं व्हतं."

मेघनाताईंनी पर्समधून मार्कर काढला आणि रेघेवर स्वतःचं नाव लिहिलं. त्यानंतर सभागृहात एकाच प्रकारचा आवाज येत राहिला, चिकटपट्टी फाटण्याचा. काही जणांनी डबा उघडला नाही, ते उठून गेले, त्यांचा तो हक्क होता. बाकीचे आप्पांना बोलावत राहिले. आजोबा, इकडे या, खालची अडकलीय. आप्पा एकेका रांगेतून फिरत होते. निखिल मागच्या दाराने गेला. त्याने आतून गाडीची काच वर केली. मी तिथपर्यंत गेलो होतो. काचेवर धूळ होती. मी काही लिहिलं नाही. मला उलटं लिहिता येत नाही.

सोमवारी मी तुझ्या घरी जाऊन सगळं सांगितलं.  शेवटी रेहानाभाभी म्हणाल्या,

"त्याचा चेहरा कसा झाला होता?"

मी सांगितलं.

 मग म्हणाल्या, "परत सांगा."

मी परत सांगितलं.

एवढ्याने झालं असं मी मानत नाही. कॉमिकच्या मुखपृष्ठावर अजून त्याचंच नाव आहे. डेस्ककडे आता सूत्रांची कमी नाही. आवाज आहे, वस्तू आहे, सभागृहभर साक्षीदार आहेत. बातमी पहिल्या पानावर लागली, त्यात तू 'खासगी कंपनीतील कामगार' नव्हतास. निखिलने मला दोनदा फोन केला. मी दोन्ही वेळा उचलला आणि तो काय म्हणतो ते लिहून घेतलं. पुढेही घेईन. माझ्यात दुसरं कौशल्य नाही, आणि हे लोखंड्याचे संवाद लिहिताना तुझ्याशेजारी बसून आलं, हे तुला कधी सांगितलं नाही.

खलनायकाकडून कडी लावून घेतलेल्या त्या पानाचे संवाद मी या आठवड्यात लिहिले. चित्र आता माझ्याकडे नाही, आठवून लिहिले. खलनायकाला मी एकच वाक्य दिलं आहे. तो विचारतो, मी जाऊ का? लोखंड्या म्हणतो, आधी सोड.

कंपनीने कार्यक्रमानंतरच्या मंगळवारी एक निवेदन काढलं. फर्नेसच्या पाठीच्या भागात 'उत्पादनातील त्रुटी' आढळली असून ग्राहकांनी खेळणं परत पाठवल्यास तो भाग विनामूल्य बदलून मिळेल, असं त्यात म्हटलं आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकही खेळणं परत आलेलं नव्हतं. कंपनीच्या कार्यालयाने याला दुजोरा दिला.